क्लूनब्रॅकच्या सात पायऱ्या

शनिवारी सकाळी सव्वादहापर्यंत मोजणीच्या हॉलमधल्या सगळ्यांना कळलं होतं की मॅलकी ब्रेहनी पडला. मॅलकीला ते कळलं फोन न आल्यामुळं.

उमेदवारानं दुपारपर्यंत मोजणीला जायचं नाही, ही तिथली रीत. नऊला पेट्या उघडतात. मतपत्रिका उलगडून टेबलावर ठेवल्या जातात, आणि प्रत्येक पक्षाची जुनी माणसं कठड्याला छाती लावून, माना लांब करून उभी राहतात. पहिल्या पसंतीचा आकडा कुणाच्या नावापुढं टाकलाय ते बघायचं आणि वहीत रेघ ओढायची. सरकारी निकाल यायला संध्याकाळ होते, कधी दुसरा दिवस उजाडतो, पण या रेघा ओढणाऱ्यांना तासाभरात सगळं कळतं. कुठल्या शाळेतली पेटी कुणाकडं गेली, कुठला रस्ता फिरला, कुठल्या घरानं यंदा शब्द मोडला, इथपर्यंत. मॅलकीसाठी हे काम मॅटी लॅव्हिन करायचा. दोघं एका बाकावर शिकलेले. मागच्या सहा निवडणुकांत मॅटीनं बरोबर दहाला फोन केला होता आणि दर वेळी दोनच शब्द बोलला होता, "बूट घाल." म्हणजे जिंकलास, निघायच्या तयारीला लाग.

या वेळी दहा वाजले, सव्वादहा झाले, साडेदहा झाले. मॅलकी स्वयंपाकघरात उभा होता. गॅसवर अंडं उकडत होतं.

"डॅडी, ते अंडं," त्याची मुलगी ऑर्ला म्हणाली. ती आदल्या दिवशी मतदानासाठी गॉलवेहून आली होती. "वीस मिनिटं झाली. दगड झाला असेल त्याचा."

"मॅटीचा फोन नाही आला."

ऑर्लानं गॅस बंद केला. तिला तिच्या मोबाइलवर केव्हाच कळलं होतं.

मॅलकीनं अंडं सोललं आणि उभ्याउभ्या खाल्लं. वाईट वाटलं ते सीट गेल्याचं नव्हतं. अडुसष्ट वर्षांच्या माणसानं घरी बसलं तर आभाळ कोसळत नाही. खिडकीतल्या पत्र्याच्या डब्याकडं त्याचं लक्ष गेलं तेव्हा मात्र तो तिकडं पाठ करून उभा राहिला.

तो डबा नूलाचा. मॅलकीची बायको. फेब्रुवारीत गेली.

मॅलकी सव्वीस वर्षं संसदेत होता. मंगळवारी सकाळच्या गाडीनं डब्लिनला जायचं, गुरुवारी परतायचं. घंटा वाजली की पक्ष सांगेल त्या बाजूला मत टाकायचं. चौदा महिने तो राज्यमंत्री होता, त्यात त्याला गाडी मिळाली, ड्रायव्हर मिळाला आणि पाठदुखी मिळाली. नदीतल्या माशांच्या कायद्यावर तो एकदा नऊ मिनिटं बोलला, त्याचं कात्रण पक्षाच्या ऑफिसात अजून भिंतीला आहे. पण त्या मुलखात कायदे करणाऱ्याला कुणी मत देत नाही. मत मिळतं मातीला आलेल्याला. आठवड्याला तीन माती, चार, हिवाळ्यात सहासुद्धा. चर्चमध्ये घरचे लोक पहिल्या बाकावर बसतात आणि सगळा गाव रांगेनं पुढून जात एकेकाचा हात हातात घेतो. "फार वाईट झालं. तुमच्या दुःखात आहोत." मॅलकी हे शब्द इतक्यांदा बोलला होता की झोपेतही त्याला ते बोलता आले असते. नूला म्हणायची, बोलतोसही.

आणि तो मातीला गेला की घरी नूला असायची. सोमवारी सकाळपासून लोक मागच्या दारानं स्वयंपाकघरात यायचे. कुणाचं औषधांचं कार्ड अडलेलं, कुणाची पेन्शन, कुणाच्या दारातला खड्डा, कुणाच्या पोराचा पासपोर्ट. नूला चहा ठेवायची, ऐकायची आणि प्रत्येकाचं एक कार्ड करायची. नाव, गाव, काम. काम झालं की कात्रीनं कार्डाचा वरचा कोपरा कापायची. बिस्किटांच्या त्या डब्यात अशी हजारांवर कार्डं होती, सगळी कोपरा कापलेली.

एक सोडून. त्यावरचं अक्षर वाकडं होतं, कारण ते तिनं जानेवारीत पलंगावर बसून लिहिलं होतं. 'डेलिया टॅन्सी, क्लूनब्रॅक. दफनभूमीच्या पायऱ्यांना कठडा. मी हो म्हटलंय.'

डेलिया टॅन्सी चौऱ्याऐंशी वर्षांची. रस्त्यापासून चर्चशेजारच्या दफनभूमीत उतरायला सात पायऱ्या आहेत, शेवाळलेल्या. तिचा नवरा खाली पुरलेला. दर रविवारी ती उतरते. नोव्हेंबरात घसरली आणि मनगट मोडलं. क्लूनब्रॅक हे नूलाचं माहेर, तिलाही आता तिथंच ठेवलेलं आहे.

मॅलकीला वाटलं होतं, एका कठड्याचं काम म्हणजे दोन फोन. काउंटी कौन्सिल म्हणालं, पायऱ्या आमच्या नोंदीत नाहीत, चर्चच्या असतील. चर्च म्हणालं, आमची हद्द भिंतीपर्यंत, पायऱ्या भिंतीबाहेर आहेत, कौन्सिलच्या असतील. मग पत्रं. चार महिन्यांत त्यानं अकरा पत्रं पाठवली. खासदाराच्या पत्राला पंधरा दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, म्हणून उत्तरं आली. शेवटचं उत्तर असं होतं की विषय विचाराधीन आहे, निवडणुकीनंतर बघू. मॅलकी या खेपेला उभाच राहणार नव्हता. त्या पत्रावरून तो उभा राहिला. हे त्यानं ऑर्लालाही सांगितलं नव्हतं. सात पायऱ्यांच्या कठड्यासाठी कुणी सातव्यांदा निवडणूक लढवतं का, असं तिनं विचारलं असतं, आणि बरोबर विचारलं असतं.

दीड वाजता दोघं हॉलवर पोचले. शाळेचा बास्केटबॉलचा हॉल तो. मॅलकी दारातून आत आला आणि लोक वळले. एकेक जण पुढं येऊन दोन्ही हातांनी त्याचा हात धरू लागला.

"फार वाईट झालं, मॅलकी."

"कठीण आहे, मॅलकी. फार कठीण."

पाचव्या की सहाव्या हाताला त्याच्या लक्षात आलं की ही मातीची रांग आहे आणि या खेपेला पहिल्या बाकावर तो आहे.

मॅटी पलीकडच्या टोकाला कठड्यावर कोपर टेकून उभा होता.

"फोन का नाही केलास?" मॅलकीनं विचारलं.

"बॅटरी गेली होती."

"तुझ्या हातातच आहे तो. घोडे पळताना दिसतायत मला त्यात."

मॅटीनं फोन खिशात टाकला. "बरं. काय सांगायला हवं होतं मी? बूट काढ म्हणू?"

"क्लूनब्रॅकची पेटी सांग."

"ती सोड. गावची पेटी विचार, तिथं बरं आहे."

"मॅटी."

मॅटीनं वही उघडली, तरी बघितलं नाही. त्याला पाठ होतं. "दोनशे अठरा मतं. तुला एकोणतीस."

"मागच्या वेळी एकशे साठ होती."

"एकशे त्रेसष्ट."

मॅलकीनं वहीतल्या रेघांकडं बघितलं. "नूलाची म्हणून किती असतील त्यातली?"

"खरं ऐकायचंय?"

"नाही. सांग."

"सगळी, गड्या. तिच्या माहेरच्यांनी तुला कधी मत दिलंच नाही. ते तिला देत होते, तिचं नाव कागदावर नव्हतं म्हणून तुझ्यापुढं आकडा टाकत होते."

"आणि ही एकोणतीस?"

"चष्मा घरी विसरलेली असणार," मॅटी म्हणाला. मग त्यालाच ते बरं वाटलं नाही. "त्यात पुन्हा ते मातीच्या दिवसाचं झालं ना. ते नडलं."

"कुठलं?"

"आता तुला माहीत नाही असं नको म्हणूस."

मॅलकीला माहीत होतं. फेब्रुवारीच्या त्या सकाळी शववाहिकेचा माणूस त्याला विचारायला आला होता की शवपेटी खांद्यावर कोण घेणार, म्हणून तो बाहेर थांबला होता. तो आत आला तेव्हा चर्च भरलेलं होतं आणि मधल्या वाटेत रांग लागलेली होती. मॅलकी रांगेत उभा राहिला. सव्वीस वर्षं चर्चमध्ये शिरलं की पाय आपोआप तिथंच जात होते, तसेच त्या दिवशीही गेले. रांग सरकली, तो सरकला. पहिल्या बाकाशी आल्यावर त्यानं नूलाच्या भावाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "फार वाईट झालं. तुमच्या दुःखात आहोत." मग तिच्या वहिनीचा. मग त्याच्या पुढं ऑर्लाचा हात आला आणि त्यानं तोही धरला, आणि तेच म्हणाला. ऑर्ला हळूच बोलली, "डॅडी, तू इथं बस. माझ्या शेजारी." तेव्हा त्यानं वर बघितलं.

"लोक काय म्हणतात?" त्यानं मॅटीला विचारलं.

"म्हणतात, बायकोच्या मातीला पण हा मतं मागत फिरला. सख्ख्या पोरीचा हात सोडला नाही." मॅटी वहीच्या कडेशी चाळा करत होता. "मी चारचौघांशी भांडलो त्यावरून. एकाशी तर बारमध्ये, ग्लास फुटेपर्यंत. पण एकदा हसं झालं की झालं. ते मागं घेता येत नाही."

"मी मतं मागत नव्हतो."

"मला कशाला सांगतोस?"

मग दुपार लांबत गेली. त्या देशातली मोजणी अशी आहे की मागं पडलेल्याला एकदम मोकळं करत नाहीत. एकेक जण बाद होतो, त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघून त्या उरलेल्यांत वाटतात, पुन्हा मोजतात, पुन्हा जाहीर करतात. प्रत्येक फेरीत मॅलकीला थोडी मतं येत होती, कुणाची चौदा, कुणाची एकतीस. आता उपयोग नव्हता, पण येत होती. तो प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहिला. ऑर्लानं हॅमचं सँडविच आणून दिलं, त्यानं ते कागदासकट मांडीवर ठेवलं. कौन्सिलचा एक अधिकारी, जो मागच्या महिन्यापर्यंत हॉलच्या दुसऱ्या टोकावरून धावत यायचा, त्याच्या अंगावरून गेला आणि जाताना भिंतीवरची अग्निशामक सूचना फार मन लावून वाचत गेला.

सहा वाजता सहाव्या फेरीत मॅलकीचं नाव बाद झालं. रिवाजाप्रमाणं तो मंचावर गेला, मोजणी करणाऱ्यांचे, पोलिसांचे आणि मतदारांचे आभार मानले. "माझी बायको नूला," एवढं म्हणून तो थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चांगल्या होत्या.

निवडून आली ती डर्व्हला मल्रेनन. चौतीस वर्षांची, वकील, हुशार, आणि मॅलकीला मनापासून मान देणारी. तिच्या माणसांनी तिला खांद्यावर उचललं होतं. ती खाली उतरली तेव्हा मॅलकी तिथं उभा होता. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात नूलाचं कार्ड होतं. तो निघताना ते घेऊन निघाला होता.

"अभिनंदन, डर्व्हला. पाय दुखतील आता. चांगले बूट घे."

"मॅलकी, तुमच्याकडून खूप शिकायचंय मला. खरंच सांगते."

"एक काम होतं. क्लूनब्रॅकच्या दफनभूमीला पायऱ्या आहेत. तिथं कठडा..."

"हो हो, नक्की." तिच्या मागून कुणीतरी तिचा दंड ओढत होतं, समोर रेडिओवाला मायक्रोफोन धरून उभा होता. तिनं त्याही गर्दीत मॅलकीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं. "बघते मी. माझ्या ऑफिसला फक्त एक मेल टाका, म्हणजे विसरायचं नाही."

ती खोटं बोलत नव्हती. मॅलकीही कधी खोटं बोलला नव्हता. सव्वीस वर्षं तो हेच वाक्य, असाच हात धरून, असाच डोळ्यांत बघून बोलत आला होता, आणि ते खरं करायला घरी एक बाई बसली होती. डर्व्हलाच्या घरी कोण आहे ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं खिशातलं कार्ड बाहेर काढलं नाही.

घरी परतताना ऑर्लानं गाडी चालवली. जूनचा उजेड अजून शेतांवर होता. रेडिओवर त्याचं नाव आलं तसा तिनं रेडिओ बंद केला.

"कुठल्या पायऱ्या, डॅडी?" तिनं विचारलं. डर्व्हलाशी बोलणं चाललं होतं तेव्हा ती मागंच उभी होती. मग त्यानं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

"आई मला म्हणाली असती तर मी वेल्डर पाठवला असता," ती म्हणाली.

"जागा कुणाची तेच ठरलेलं नाही. खाजगी कठडा लावला आणि कुणी पडलं तर ज्यानं लावला त्याच्यावर दावा."

"माहीत आहे, डॅडी."

रविवारी सकाळी मॅलकी एकटाच क्लूनब्रॅकला गेला. प्रार्थना संपवून लोक बाहेर पडत होते. मत न देणारेसुद्धा सगळे त्याला ओळख दाखवून गेले. डेलिया टॅन्सी पायऱ्यांच्या वरच्या टोकाला काठी टेकून उभी होती. तपकिरी कोट, हातात जामच्या बाटलीत खोचलेली बागेतली फुलं.

"आलास?" ती म्हणाली. "मला वाटलं, पडलेले लोक आठवडाभर तोंड दाखवत नाहीत."

"मिसेस टॅन्सी, कठड्याचं काही झालं नाही."

"ते सांगायला आलास? मी रोज इथून जाते. झाला असता तर मला दिसला असता."

"मी अकरा पत्रं लिहिली."

"असशील." तिनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुला मी तिसरी पसंती दिली, तुला म्हणून सांगते."

"तिसरी?"

"दुसरी फादरच्या भाच्याला द्यावी लागली. तो मला गाडीतून मतदानाला घेऊन गेला होता. पहिली त्या पोरीला. ती निदान माझ्या दारात आली आणि बसली. मॅलकी, राग मानू नकोस. मी नूलाला विचारलं तेव्हा ती हो म्हणाली. तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, बघतो."

मॅलकीनं बुटाच्या टोकानं वरच्या पायरीवरचं शेवाळ खरवडलं.

"एक पाइप का नाही ठोकून देत तू स्वतः?" तिनं विचारलं.

त्यानं दाव्याचं सांगितलं.

"सव्वीस वर्षं डब्लिनला जाऊन एवढं शिकून आलास," ती म्हणाली. "पायरीवर कुणी पडू नये याला कायदा नाही, पण कुणी वाचवलं तर त्याला दावा." मग तिनं खाली दगडांच्या रांगांकडं बघितलं. नूलाची माती अजून बसायची होती, त्यावर दगड नव्हता. "माणसं काय बोलतात ते मी ऐकलंय, मातीच्या दिवसाचं. मी तिसऱ्या बाकावर होते. मला तुझं तोंड दिसत होतं. आमचा पेटर, माझा नवरा, शेवटी शेवटी स्वतःच्या घरात न्हाणीघर शोधत फिरायचा, तसं तोंड होतं ते. मतं मागणाऱ्याचं नव्हतं. मी ज्याला त्याला सांगितलं हे."

"कुणी ऐकलं?"

"नाही. चांगली गोष्ट कोण ऐकतो? धर."

तिनं फुलांची बाटली त्याच्या हातात दिली आणि कोपर पुढं केलं. मॅलकीनं तिचा दंड धरला. तिचं वजन काहीच नव्हतं, आणि तरी ती प्रत्येक पायरीवर सगळा भार त्याच्यावर टाकत होती, अगदी भिंतीवर टाकावा तसा. चौथ्या पायरीवर ती थांबली.

"घट्ट धर. तू वाकतोयस."

"पाठ दुखते."

"मंत्री होतास तेव्हाची का?"

"तेव्हाचीच."

दोघं खाली पोचले. तिनं तिच्या पेटरपाशी फुलं ठेवली, आणि त्यातली दोन काढून नूलाला दिली. मॅलकी तिथं उभा होता. त्याला नूलाला काहीतरी सांगायचं होतं, पण तोंडात आले ते मातीचे शब्द, म्हणून त्यानं वाकून कलंडलेलं एक फूल सरळ केलं.

वर चढताना डेलिया म्हणाली, "पुढच्या रविवारी अकराला पाच कमी असताना ये. लवकर आलास की मला बोलत बसावं लागतं."

तेव्हापासून तो दर रविवारी जातो. अकराला पाच कमी असताना तो वरच्या पायरीशी उभा असतो, तिला उतरवतो आणि पुन्हा वर आणतो. डर्व्हलाला त्यानं मेल टाकली. आपलं पत्र मिळालं, असं उत्तर आलं. ऑफिस रिकामं करून दिलं. डबा खिडकीतच आहे आणि त्यात सगळ्यात वर ते एक कार्ड आहे, चारही कोपरे धड असलेलं. आता ऑक्टोबर आलाय, दगड ओले राहतात. क्लूनब्रॅकच्या सात पायऱ्यांना अजून कठडा बसलेला नाही.